कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा अहवाल कसा वाचावा

रुग्णाच्या नमुन्यात कोणता जिवाणू वाढला आणि त्यावर कोणते औषध चालते, हे सांगणारा अहवाल हाती येताच बहुतेकांची नजर औषधांच्या तक्त्याकडे जाते आणि 'एस' (जिवाणू औषधाला संवेदनशील) हे अक्षर शोधू लागते. माझा आग्रह असा की तक्ता सर्वांत शेवटी पाहावा. आधी नमुना कशाचा होता, तो कसा घेतला आणि त्यात कोणता जिवाणू वाढला, या गोष्टी नीट वाचाव्यात, कारण जो जिवाणू आजाराचे कारणच नाही, त्याच्याविरुद्ध कोणते औषध चालते या माहितीने रुग्णाचा काहीच फायदा होत नाही. रक्ताच्या अनेक बाटल्यांपैकी एकाच बाटलीत कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस वाढला असेल, तर तो बहुधा रक्त काढताना त्वचेवरून आत गेलेला असतो. लघवीत मिलिलिटरमागे १ लाखाहून अधिक जिवाणू सापडले, पण जळजळ, ताप असे कोणतेच लक्षण नसेल, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गावरील नियोजित शस्त्रक्रिया अशा मोजक्या परिस्थिती सोडल्यास प्रतिजैविकाची गरज नसते.

यानंतर तपासणीची पद्धत पाहावी. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कर्बी-बाउअर पद्धतीत म्युलर-हिंटन आगर या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या ४ मिलिमीटर जाड थरावर ठरावीक गढूळपणाचे, म्हणजे ०.५ मॅकफार्लंडचे, जिवाणूंचे द्रावण पसरतात, त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि साधारण ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीच्या वाढरहित वर्तुळाचा व्यास मोजतात. आगर जाड झाले किंवा जिवाणू जास्त पसरले, तर वर्तुळ लहान होते आणि संवेदनशील जिवाणूही प्रतिरोधक भासतो. म्हणून प्रयोगशाळा ज्ञात जिवाणूंवर हीच चाचणी करून आपली पद्धत नियमितपणे पडताळते. मोठे रेणू आगरमध्ये नीट पसरत नाहीत. त्यामुळे स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी व्हँकोमायसिनचा आणि ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंसाठी कोलिस्टिनचा निष्कर्ष केवळ चकतीवरून दिलेला असेल, तर तो स्वीकारू नये.

दुसरी पद्धत एमआयसीची, म्हणजे वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेची. औषधाची मात्रा दर नळीत किंवा खाचेत दुप्पट करत नेतात आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला जिवाणूची दिसण्याजोगी वाढ थांबते, तो आकडा मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये नोंदवतात. या पद्धतीत एका पायरीचा फरक चाचणीच्या स्वाभाविक चढउतारात मोडतो, त्यामुळे आज १ आणि उद्या २ आले म्हणून जिवाणू बदलला, असे समजू नये.

आता सर्वांत जास्त गल्लत होते ती जागा. वेगवेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. समजा, ई. कोलायच्या अहवालात सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.५ आणि मेरोपेनेमची १ आहे. लहान आकडा सिप्रोफ्लॉक्सासिनचा, म्हणून ते औषध अधिक प्रभावी, असे वाटणे साहजिक आहे. पण अमेरिकेतील सीएलएसआय या संस्थेच्या निकषांनुसार सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी संवेदनशीलतेची सीमा ०.२५ आहे आणि मेरोपेनेमसाठी १, म्हणजे येथे पहिले 'आय' (संवेदनशील आणि प्रतिरोधक यांच्या मधला गट) ठरते आणि दुसरे 'एस'. चकतीच्या वर्तुळालाही हेच लागू आहे: त्याच जिवाणूसाठी २४ मिलिमीटरचे वर्तुळ मेरोपेनेमला 'एस' ठरवते आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला 'आय'. औषध रक्तात आणि ऊतींमध्ये किती पोहोचते, कोणत्या डोसने पोहोचते आणि प्रत्यक्ष रुग्ण किती बरे होतात, हे सारे तोलून प्रत्येक औषधाची सीमा स्वतंत्रपणे ठरवलेली असते. या सीमा सुधारल्याही जातात. सिप्रोफ्लॉक्सासिनची वरील सीमा २०१९ पूर्वी १ होती. त्यामुळे अहवाल कोणत्या संस्थेच्या आणि कोणत्या वर्षीच्या निकषांवर आधारलेला आहे, ते विचारून घ्यावे. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नसतील, तर पुष्कळदा कारण तेथेच सापडते.

'आय' म्हणजे अर्धवट प्रतिरोध, असे समजून ते औषध सरसकट बाजूला ठेवणे योग्य नाही. युरोपातील युकास्ट या संस्थेने २०१९ पासून 'आय'चा अर्थ 'वाढीव मात्रेत संवेदनशील' असा निश्चित केला आहे. या पद्धतीत स्युडोमोनास या जिवाणूच्या अहवालात सेफ्टाझिडिमसमोर नेहमीच्या, प्रतिरोध न कमावलेल्या जिवाणूलाही 'आय' लिहिले जाते, आणि योग्य मोठ्या डोसमध्ये ते औषध देता येते. सीएलएसआय काही औषधांसाठी 'एसडीडी', म्हणजे डोसवर अवलंबून संवेदनशील, असा वेगळा गट वापरते, उदाहरणार्थ, ई. कोलायसाठी सेफेपाइमची एमआयसी ४ ते ८ असेल तर.

'एस'वरही डोळे झाकून विसंबता येत नाही. टायफॉईडचा साल्मोनेला बशीत जेंटामायसिनला संवेदनशील दिसतो, पण शरीरात हा जिवाणू पेशींच्या आत दडतो आणि तेथे या औषधाचा प्रभाव पडत नाही. म्हणून तो निष्कर्ष 'एस' म्हणून कळवूच नये असा नियम आहे. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गात उपयोगी पडते, मात्र मूत्रपिंडाचा किंवा रक्तातला संसर्ग असेल तर निरुपयोगी ठरते. डॅप्टोमायसिन फुफ्फुसातील सर्फॅक्टंट या स्रावामुळे निष्क्रिय होते, त्यामुळे न्यूमोनियात ते चालत नाही. स्टॅफिलोकॉकस एरिथ्रोमायसिनला प्रतिरोधक आणि क्लिंडामायसिनला संवेदनशील आला, तर 'डी-टेस्ट' झाली आहे का ते पाहावे. एरिथ्रोमायसिनच्या चकतीकडील बाजूने क्लिंडामायसिनचे वर्तुळ चपटे झाले, तर तो दबून असलेला प्रतिरोध असतो आणि क्लिंडामायसिन प्रतिरोधक म्हणूनच कळवावे लागते. कधी एकच औषध संपूर्ण गटाची साक्ष देते: स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये सेफॉक्सिटिन प्रतिरोधक आले, की तो एमआरएसए (मेथिसिलिनला प्रतिरोधक स्टॅफिलोकॉकस ऑरियस) समजावा आणि सेफ्टारोलिनसारखे मोजके अपवाद सोडून सर्व बीटा-लॅक्टम औषधे (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन इत्यादींचा गट) टाळावीत, मग तक्त्यात काहीही लिहिलेले असो.

तक्त्यात एखादे औषध नसणे हीही चूक असेलच असे नाही. एंटरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन आणि क्लेबसिएलावर अ‍ॅम्पिसिलिन मुळातच चालत नाही, आणि साधे औषध पुरेसे असताना राखीव औषधे मुद्दाम कळवली जात नाहीत. तीच यादीत हवीत, असा हट्ट डॉक्टरांनीही धरू नये.

'एस' आलेल्यांपैकी निवड करताना संसर्गाची जागा, मूत्रपिंडाचे कार्य, अ‍ॅलर्जी, तोंडावाटे देता येते की शिरेतून द्यावे लागते आणि कोणते औषध सर्वांत मर्यादित जिवाणूंवर काम करते, हे पाहावे लागते. म्हणून अहवालावरून रुग्णाने स्वतः औषध आणू नये. निवडीनंतरही एन्टेरोबॅक्टरसारख्या जिवाणूंबाबत सावध राहावे. सेफ्ट्रायाक्झोनसारखे औषध सुरू केल्यावर तीन-चार दिवसांतच मूळचा संवेदनशील जिवाणू प्रतिरोधक होऊ शकतो. अशा रुग्णाचा ताप उतरत नसेल, तर जुन्याच अहवालावर डोस वाढवत न बसता नवा नमुना पाठवावा आणि त्यातील जिवाणूची संवेदनशीलता पुन्हा तपासून घ्यावी.