कूलर लावण्याआधी वायरिंग-अर्थिंगच्या या चुका टाळा

मार्च लागला की नागपुरात कूलर बाहेर निघतात. नवी खस भरतात, टाकीला रंग देतात, पंप पाण्यात सोडून पाहतात. पण प्लग उघडून हिरवी वायर (अर्थची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी) जागेवर आहे का, हे पाहणारं घर मला क्वचितच भेटतं. लोखंडी बॉडी, लोखंडी स्टँड, पाण्यातला पंप आणि खाली ओली फरशी. यापेक्षा धोकादायक उपकरण घरात दुसरं नाही.

"करंट मारते, पण थोडासाच. चप्पल घालून हात लावा." हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. कूलरच्या बॉडीला हात लावून झिणझिण्या येतात, म्हणजे लिकेज, करंटची गळती, सुरू झालं आहे. आज कोरड्या हाताला थोडासा लागतो, उद्या ओल्या हाताला जीवघेणा लागेल. बॉडीला हात न लावता बोर्डावरून लाईन बंद करा, प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत तो कूलर लावू नका. पाहुणे आले तरी नाही.

आता सगळ्यात वाईट चूक: सॉकेटमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ वायरच्या एका तुकड्याने, म्हणजे जंपरने, जोडणं. अर्थिंगचा खड्डा खोदायला दिवस जातो, जंपर दोन मिनिटांत होतो, म्हणून घाईतले नवशिके हेच करतात. मानेवाड्याकडच्या एका घरी भर दुपारी पंखे-दिवे बंद पडले. लाईन गेली असं समजून काकू कूलरमध्ये पाणी भरायला गेल्या आणि हात लागताच मागे फेकल्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचल्या. "लाईन तर नव्हती नं भाऊ, मग करंट आला कुठून?" काका पुन्हा पुन्हा विचारत होते.

मीटरजवळ न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन वायर जळाली होती. फेज, म्हणजे येणारा करंट, मात्र घरात येतच होता. चालू ठेवलेल्या पंख्यातून तो न्यूट्रलवर, जंपरमधून अर्थच्या वायरवर आणि तिथून कूलर-फ्रिजच्या बॉडीवर पोचला. २३० व्होल्ट. अर्थिंगचा खड्डा कोरडा, त्यामुळे जमिनीत जायला वाट नाही. जंपर टाकणाऱ्याने फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून "अर्थिंग चांगली आहे" असं दाखवलंही होतं. बल्ब लागणारच. त्याला परतीची वाट जंपरनेच दिली होती.

त्यामुळे जुन्या घरात गेलो की मी आधी मेन बंद करून प्रत्येक पॉवर सॉकेटची प्लेट उघडतो. जंपर दिसला की काढतो आणि खरी अर्थिंग होईपर्यंत तिथे कूलर, गीझर, वॉशिंग मशीन लावू देत नाही.

"एमसीबी आहे नं, पडेल की." नाही पडणार. एमसीबी म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि अर्थचा रोध वाढतो. समजा तो २० ओहम झाला. फेज बॉडीला चिकटला तरी जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी हलणारही नाही आणि बॉडी जिवंतच राहील. माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे थोडी गळती झाली तरी लाईन तोडणारा स्विच, लागते. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढून थेट जोडणी करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ती पडते कारण कुठेतरी गळती आहे. सगळे प्लग काढा आणि एकेक लावून पाहा. पहिला संशय कूलरच्या पंपावर घ्या. सगळं काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. इन्व्हर्टर बसवल्यापासूनच पडत असेल, तर इन्व्हर्टरचा आणि मेन लाईनचा न्यूट्रल एकत्र झालेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबा.

बाकीचं थोडक्यात. नळाला अर्थ बांधू नका, आता पाइप प्लास्टिकचे असतात. अडीच एमएमच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी बसवू नका, आधी वायर जळेल. खिडकीत टेपने गुंडाळलेला जोड ठेवू नका, कूलरपर्यंत अखंड तीन-कोर केबल न्या. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून लाईन नाही असं समजून हात घालू नका.

पैसे कमी असतील तर माझा क्रम ठरलेला आहे. करंट मारणारी वस्तू आजच बंद. जळका वास किंवा गरम होणारं सॉकेटही आजच. मग आरसीसीबी, मग अर्थिंग, मग जुन्या वायरी. मॉड्युलर स्विच त्यानंतर.