न्यू फॉरेस्टमध्ये सायकल नेताय? आधी हे वाचा

इंग्लंडात असाल आणि दोन दिवस सायकलवर भटकायचं असेल तर न्यू फॉरेस्ट भारी आहे, नाव 'न्यू' पण जंगल 1079 सालचं, विल्यम राजाने शिकारीसाठी राखून ठेवलेलं. लंडनच्या वॉटर्लूहून ट्रेनने ब्रॉकनहर्स्टला उतरायचं, तिथून बर्लीच्या बाजूला जुन्या रेल्वेलाइनवरचा खडीचा रस्ता पकडा, रूळ 1964 ला बंद झाले, पण वाट रेल्वेची असल्यामुळे चढ जवळपास नाहीच. आत कुठेही सायकल घालायची परवानगी नाही हां, फाट्यांवर नंबरवाले खांब असतात तेवढ्याच वाटा आपल्या, नंबर नकाशाशी जुळवत चला.

खरी गंमत कॅटल ग्रिडची. जनावरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे लोखंडी पाइप टाकलेले असतात, पावसात नुसते साबणासारखे. त्यावर ब्रेक लावायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, आधीच स्पीड कमी करून सरळ काटकोनात निघून जायचं. मी एकदा तिरका गेलो, गुडघा अजून सांगतो.

आणि घोडे! मोकळे फिरतात पण मालकीचे आहेत, मागून अगदी चिकटून जाऊ नका, लाथ बसते, आणि बिस्किटं तर अजिबात देऊ नका. टायर जरा रुंद घ्या, पस्तीस मिलिमीटरच्या वरचे.