डोलकाठी न उतरवता शीड चढवायचा दोर बदला

पावसाळ्यानंतर होडी पाण्यात घालताना हा दोर उन्हाने खरखरीत झालेला दिसतो. तो ओढून काढला तर नवा दोर वरच्या कप्पीतून ओवायला डोलकाठी आडवी करावी लागते. म्हणून जुना दोर काढूच नका, त्यालाच नवा ओढायला लावा.

१. नवा दोर जुन्याच जाडीचा घ्या. ८ मि.मी.च्या जागी १० चा घेतला तर कप्पीत अडकतो.

२. जोडायची दोन्ही टोकं तपासा: नव्या दोराचं एक आणि जुन्या दोराचं खालचं, हाताने ओढायचं (शिडाकडचं नव्हे). लायटरने वितळवलेल्या टोकाला बोंडासारखी गाठ येते. आमचा दोर पहिल्यांदा तिथेच अडला होता. ती गाठ धारदार सुरीने कापा.

३. टोकं एकमेकांवर न ठेवता समोरासमोर टेकवा. जाड नायलॉनच्या दोऱ्याने आरपार पाच-सहा टाके घाला. वरून इलेक्ट्रिकची टेप दोन्ही बाजूंना चार बोटं पुढे जाईल अशी घट्ट गुंडाळा. जोड बोटांतून सरकवून बघा, कुठेही उंचवटा लागता कामा नये. सगळा वेळ इथे द्या, बाकी काम पाच मिनिटांचं आहे.

४. जुन्या दोराच्या शिडाकडच्या टोकाची कडी सोडा. एकाने तिथून हळू ओढायचं, दुसऱ्याने खालून नवा दोर सैल सोडत राहायचं.

जोड कप्पीशी अडला तर हिसका मारू नका. दोन हात मागे घेऊन पुन्हा ओढा. हिसक्याने टाके तुटले की दोन्ही दोर खाली येतात आणि डोलकाठी उतरवावीच लागते.