ई-बुक टाकलं, एक स्टार पडला, आता काय करायचं

खेड्यात बसून केडीपीवर, म्हणजे अमेझॉनच्या स्वतःच ई-बुक काढायच्या सोयीवर, पुस्तक टाकणं आता काही अवघड राहिलं नाही. पॅनकार्ड, बँक खातं अन बरी फाईल असली की झालं, आयएसबीएनही लागत नाही, अमेझॉन स्वतःचा नंबर देते. अवघड जाते ते पुढं, रिव्ह्यू पडायला लागले की. गारपिटीत हरभरा गेला तरी शांत राहणारे कास्तकार मी एका स्टारपायी जेवण सोडताना पाहिले आहेत.

तर पहिलं म्हणजे वाचल्यावाचल्या काही करू नका, रात्री तर नाहीच. सकाळी परत वाचा अन एवढंच बघा की हा माणूस नेमका कशावर चिडला, फाईलवर, भाषेवर का गोष्टीवर.

फाईलची तक्रार असली तर ती सोनं समजा, कारण ती शंभर टक्के दुरुस्त होते. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडची फाईल बहुतेक कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत असते, म्हणजे दिसायला मराठी पण युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं टायपिंग) नाही, अन कन्व्हर्टरमधून काढली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्ह अन ऱ्य फुटतात. आता वऱ्हाड अन पऱ्हाटी हेच शब्द फुटले तर आपल्या पुस्तकात राहिलं काय? म्हणून कन्व्हर्ट केल्यावर ऱ्य, ऱ्ह, श्र अन सगळे रफार वर्डमध्ये शोधून शोधून तपासा, मग केडीपीच्या प्रीव्ह्यूअरमध्ये फोनचा स्क्रीन निवडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, कारण आपला वाचक फोनवरच वाचते. दुरुस्त फाईल त्याच पुस्तकावर अपलोड करायची, नवीन पुस्तक म्हणून नाही, म्हणजे लिंक अन जुने रिव्ह्यू जागेवर राहतात. लाईव्ह व्हायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात. अन ज्यानं आधीच घेतलं त्याच्याकडं नवीन फाईल आपोआप जाईलच असं नाही, म्हणून वर्णनात खाली एक ओळ टाका की फाईल सुधारली आहे.

भाषेची तक्रार म्हणजे "अशुद्ध मराठी, प्रूफ पाहिलेलंच नाही". इथं दोन गोष्टी वेगळ्या करा. निवेदनात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर गुपचूप सुधारा, तिथं वऱ्हाडीचं नाव सांगून सुटका नाही. पण पात्र "काहून बे, कुठी चालला" म्हणते म्हणून कोणी स्टार कापले असतील तर एक अक्षर बदलू नका. मराठी भाषा विद्यापीठ आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला झालं आहे, आपण कशाला लाजायचं. करायचं ते वेगळंच. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत सांगून टाका की संवाद वऱ्हाडीत आहेत. अन किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या ॲपवर, सॅम्पल म्हणून पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण १० टक्के भाग फुकट दिसतो, तिथं आपण काय ठेवतो? आमदारांचा शुभेच्छा संदेश, संस्थेच्या अध्यक्षांचा संदेश, मनोगत, ऋणनिर्देश. गोष्ट सुरू होईपर्यंत सॅम्पल संपते अन वाचक आंधळेपणानं विकत घेऊन मग चिडते. हे सगळं उचलून मागं टाका, पहिल्याच पानावर संवाद दिसला पाहिजे, ज्याला नाही झेपत तो तिथूनच परत जाईल, पैसे न देता अन स्टार न कापता.

गोष्टीबद्दल एकट्यादुकट्याचं मत मनावर घेऊ नका, पण एकमेकांना न ओळखणारे तिघं-चौघं त्याच प्रकरणाला कंटाळले म्हणत असतील तर ते प्रकरण खरंच लांबलं असेल. नुसते स्टार, शब्द एकही नाही, त्याच्यातून काही शिकता येत नाही, सोडून द्या.

उत्तर द्यायचं का? अमेझॉननं रिव्ह्यूखाली कॉमेंट करायची सोय २०२० च्या डिसेंबरातच बंद केली, त्यामुळं तो प्रश्नच मिटला. प्रतिलिपी या गोष्टी वाचायच्या-लिहायच्या ॲपवर उत्तर देता येते, तिथं "वाचल्याबद्दल आभार" एवढं लिहून थांबा, वाद घातला की पुढचे दहा वाचक गोष्ट सोडून तेच वाचतात. जातीवरून शिवी, धमकी, फोन नंबर असलं काही असेल तर रिपोर्ट करा. "बकवास" लिहिलं म्हणून कोणी रिव्ह्यू काढत नाही.

अन ते व्हॉट्सॲपवर "सगळ्यांनी जाऊन पाच स्टार द्या" टाकणं बंद करा. घरच्यांनी अन जवळच्या मित्रांनी दिलेले रिव्ह्यू अमेझॉनच्या नियमात बसत नाहीत, पैसे देऊन घेतलेलेही बसत नाहीत, तू माझं कर मी तुझं करतो हेही बसत नाही. सापडले की उडतात अन खात्यावर बालंट येते ते वेगळं. फुकट कॉपी देता येते, पण रिव्ह्यूची अट न घालता. केडीपी सिलेक्ट या अमेझॉनच्या योजनेत ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येते, मात्र ज्याला असलं पुस्तक आवडतच नाही तोही फुकटात उचलते अन मग लिहिते, म्हणून पहिल्याच आठवड्यात फुकट ठेवू नका असं माझं मत. अन सिलेक्टमध्ये असेपर्यंत तेच ई-बुक दुसरीकडं ठेवता येत नाही, प्रतिलिपीवरचे भाग आधी काढा.

राहिला गावातला रिव्ह्यू, तो स्क्रीनवर येतच नाही. पानठेल्यावर कोणीतरी म्हणते, "त्यातला सावकार म्हणजे माह्या काकाच ना बे?" पुस्तक बहुतेक त्यानं वाचलेलं नसते, कोणी सांगितलेलं असते. तिथं हो-नाही काहीच म्हणू नका, फोन काढून पहिलं प्रकरण त्याला वाचून दाखवा, अन पुढच्या पुस्तकात गाव, आडनाव अन धंदा तिन्ही बदलूनच लिहा.