ऑप्थॅल (डोळ्यांची ब्रांच) घेतलंय आणि रिसर्चपण करायचाय? मग सुरुवात अशी करा

नीट-पीजीचं काउन्सेलिंग सुरू झालं की ज्युनिअर्सचे मेसेज येतात, सर ऑप्थॅल घेऊ का, आणि त्यातला एखादा हमखास विचारतो की रिसर्चसाठी पीएचडी लागते का. नाही लागत. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं पीजी म्हणजे एमएस किंवा डीएनबी, वर फेलोशिप म्हणजे एखाद्या संस्थेत जादा ट्रेनिंग, रस्ता तोच, फक्त ओपीडीत पडलेले प्रश्न वहीत उतरवायची सवय पहिल्या वर्षीच लावून घ्या.

सुरुवातीला ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) मागे धावू नका, आधी स्लिट लॅम्प (डोळा तपासायचा मायक्रोस्कोप) आणि इनडायरेक्टवर (डोक्याला लावून डोळ्याच्या आतलं बघायचं यंत्र) हात बसवा. इनडायरेक्टसोबत हातात धरायच्या ट्वेंटी डी लेन्समधून रेटिना, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, उलटा दिसतो, वरचं खाली आणि डावं उजवीकडे, पहिला महिना डोकं नुसतं गरगरतं. जुनी युक्ती सांगतो: पेशंटला आडवं झोपवा, चित्राचा कागद उलटा ठेवा म्हणजे घड्याळातल्या बाराची खूण पेशंटच्या पायाकडे, आणि लेन्समध्ये दिसतंय तस्संच काढत जा, कागद सरळ केला की चित्र बरोबर येतं. आर्टरी लाल, सुटलेला रेटिना निळा. फोटो निघत असताना हे कशाला असं वाटेल, पण चित्र काढायचं म्हटलं की पार कडेपर्यंत बघावं लागतं आणि रेटिनाचं भोक बरेचदा तिकडेच लपलेलं असतं.

सर्जरीसाठी वेट लॅबमध्ये (प्रॅक्टिसच्या लॅबमध्ये) बोकडाचे डोळे, आणि रूमवर रेक्सिसच्या (मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये लेन्सच्या पापुद्र्याला द्यायच्या गोल छेदाच्या) प्रॅक्टिसला चॉकलेटचा चंदेरी कागद. पायांचीही प्रॅक्टिस करा बरं का! आमच्याकडे डावा पाय मायक्रोस्कोपवर आणि उजवा फेकोवर (मोतीबिंदू काढायच्या मशीनवर) असायचा, पहिल्या केसला मी घाबरून डावाच दाबला, फोकस गेला, सरांनी काही न बोलता मला स्टूलवरून उठवलं.

आता थिसिस. भारी मशीनवाला विषय घेऊ नका, तुमच्या दारात जे येतं ते घ्या. उसाचं पान लागून कॉर्नियल अल्सर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर (कॉर्नियावर) व्रण झालेला शेतकरी येतो, त्यानं आधीच मेडिकलवरून स्टिरॉइडचे ड्रॉप्स आणून टाकलेले असतात, फंगस असेल तर ते आणखी बळावतं. लागल्यावर किती दिवसांनी आला, आधी काय टाकलं, कोणी दिलं, एवढं प्रत्येकाला विचारून लिहिलंत तरी खरा डेटा जमतो. फक्त सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) एथिक्स कमिटीकडून पास झाल्याशिवाय एकही पेशंट अभ्यासात धरू नका.

प्रश्न केवढा साधा असू शकतो ते बघा. हरमिंदर दुआ, नागपूरच्या गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजचे, पुढे इंग्लंडात नॉटिंगहॅमला प्रोफेसर. कॉर्नियाच्या सर्जरीत हवा भरून थर वेगळे करतात, त्यात हवा नेमकी कुठे अडते हे त्यांनी दान केलेल्या कॉर्नियांवर तपासलं. डेसमेट (कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा) सोलून काढला तरी बुडबुडा टिकला, म्हणजे भिंत दुसरीच कशाची तरी होती. 2013 ला पेपर आला, त्या थराला दुआज लेयर म्हणतात. तो खरंच वेगळा थर की स्ट्रोमाचाच (कॉर्नियाच्या मधल्या जाड थराचाच) भाग यावर लोक भांडतात ते सोडा, पण बुडबुडा तर सगळेच कॉर्नियावाले बघत होते ना.

फेलोशिपला मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एलव्हीपी (एल. व्ही. प्रसाद), चेन्नईचं शंकर नेत्रालय ही नावं माहीतच असतील. कुठेही जा, फॉर्म भरायच्या आधी तिथल्या चालू फेलोला फोन करून दोनच गोष्टी विचारा: स्वतःच्या हाताने किती केसेस मिळतात, आणि जुन्या पेशंटचे रेकॉर्ड अभ्यासाला मिळतात का. दुसऱ्या प्रश्नावर तो "बघू, सरांना विचारावं लागेल" म्हणाला तर यादीतलं पुढचं नाव बघा.