डिझेलचा काटा खोटे दाखवतो तेव्हा: नव्या ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी अनुभवाचे टिपण

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून जी मुले पुण्यात आमच्याकडे काम शिकायला येतात, त्यांना वायरिंगचे पहिले स्वतंत्र काम म्हणून मी जुन्या पिकअपचा बंद पडलेला डिझेल गेज देतो. काम लहान दिसते. पण एक लाईन, एक बदलता रोध (विजेला होणारा अडथळा) आणि एक अर्थ (चेसिस, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून, बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी जोडणी) एवढाच ज्याचा पसारा आहे, त्या सर्किटवर दोष शोधण्याचा क्रम एकदा अंगवळणी पडला की पुढे मोठ्या हार्नेससमोर, म्हणजे तारांच्या जुडग्यासमोर, माणूस गोंधळत नाही. माझ्या मते या दुरुस्तीत हत्यारांपेक्षा हा क्रमच महत्त्वाचा आहे.

गाडीमालक बहुधा हे काम पुढे ढकलतात आणि अंदाजाने डिझेल भरत राहतात. मार्केट यार्डात भाजी उतरवून सासवडकडे निघालेली पिकअप दिवे घाटात डिझेल संपून थांबली, तर नुसते डिझेल आणून ओतल्याने ती सुरू होईलच असे नाही. इंधनाच्या लाईनमध्ये हवा शिरलेली असते, ती हातपंपाने काढावी लागते, आणि टाकीच्या तळाचा गाळ ओढला गेल्याने फिल्टरही लवकर भरतो. त्यामुळे मालकाला गेजचे महत्त्व समजावून सांगणे हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

आता रचना पाहू. टाकीतल्या युनिटमध्ये तरंगता फ्लोट एका दांडीला जोडलेला असतो आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पत्ती रोधाच्या तारेवर सरकते. डिझेलची पातळी बदलली की रोध बदलतो, लाईनमधला करंट बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. परंतु सगळ्या गाड्यांची मापे सारखी नसतात. काही युनिटमध्ये टाकी रिकामी असताना सुमारे 240 ओहम आणि भरलेली असताना सुमारे 33 ओहम रोध मिळतो, तर काहींमध्ये उलट, रिकाम्या टाकीला सुमारे 10 आणि भरलेल्या टाकीला सुमारे 180 ओहम. हा फरक माहीत नसेल तर निदान हमखास चुकते, कारण वायर तुटल्यावर पहिल्या प्रकारात काटा रिकाम्यावर पडून राहतो आणि दुसऱ्या प्रकारात तो पूर्ण भरल्याच्या खुणेपलीकडे जातो. दोष एकच, लक्षणे मात्र परस्परविरुद्ध.

कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी चालकाला दोन-चार प्रश्न विचारावेत. काटा कायम पडलेला असतो की मध्येच पडतो? इंडिकेटर लावला की थरथरतो का? तापमानाचा काटाही चुकीचे दाखवतो का? दोन्ही काटे बिघडले असतील तर टाकीकडे जाण्याचे कारणच उरत नाही. फ्यूज, मीटरचा अर्थ किंवा जुन्या मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा. द्विधातू पट्टीच्या (करंटने तापून वाकणाऱ्या पट्टीने काटा हलवणाऱ्या) गेजना हा स्टॅबिलायझर बॅटरीचे 12 व्होल्ट सरासरी 10 व्होल्टच्या आसपास आणून देतो. या गेजचा काटा मुळातच सावकाश चढतो, म्हणून चावी फिरवल्यावर थोडे थांबूनच वाचन घ्यावे. इंडिकेटरबरोबर काटा नाचत असेल, तर दोष बहुतेक वेळा सामाईक अर्थमध्ये सापडतो.

फक्त डिझेलचाच काटा चुकत असेल तर टाकीच्या युनिटवरचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढून चावी चालू करावी आणि गेजकडून येणारी वायर क्षणभर चेसिसला लावावी. ही वायर टाकीच्या तोंडाजवळ टेकवू नये. थोडी लांब वायर जोडून दूरवर, स्वच्छ धातूवर टेकवावी, कारण ठिणगी आणि इंधनाची वाफ एकत्र येऊ देणे कधीही क्षम्य नाही. रिकाम्या टाकीला जास्त रोध असलेल्या प्रकारात काटा पूर्ण भरल्याकडे झेपावला, तर गेज आणि वायर दोन्ही ठीक आहेत आणि दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. वायर फार वेळ टेकवून ठेवल्यास गेज तापून निकामी होऊ शकतो.

यानंतर अर्थ तपासावा. नवे मुलगे हीच पायरी सर्वाधिक गाळतात. पुण्याच्या पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल टाकीवर आणि चेसिसच्या जोडांवर साचतो, लगखाली (तारेच्या टोकाच्या, बोल्टने आवळलेल्या धातूच्या कडीखाली) गंज धरतो आणि तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो. कपलर परत जोडून, चावी चालू ठेवून, मल्टिमीटरची एक तार युनिटच्या धातूच्या पट्टीवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावी. वाचन जवळजवळ शून्य हवे. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब आहे. लग काढून पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करावेत आणि बोल्ट पुन्हा घट्ट आवळावा. दुसऱ्या प्रकारच्या युनिटमध्ये खराब अर्थमुळे काटा असलेल्यापेक्षा जास्त डिझेल दाखवतो, आणि चालकासाठी तेच अधिक घातक असते.

अर्थ चांगला असेल तरच युनिट बाहेर काढावे. बॅटरीची ऋण तार सोडावी, डिझेल उपसून टाकी हलकी करावी, युनिटभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण पुसावी, आणि कडीसारखी रिंग असल्यास ती लोखंडी छिन्नीने न ठोकता पितळी किंवा लाकडी तुकड्याने फिरवावी. काही पिकअपमध्ये हौदा आणि टाकी यांच्यात हात जातो. जात नसेल तर टाकी उतरवण्यातच शहाणपण आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी असेल तर हे काम शिकाऊ मुलाने एकट्याने अजिबात करू नये.

मार्केट यार्डाची फेरी करणाऱ्या एका पिकअपचे युनिट मी अलीकडे उघडले. चालकाचे म्हणणे होते, ‘काका, काटा पाव टाकीपर्यंत नीट येतो आणि मग एकदम झोपतो.’ मल्टिमीटर 2000 ओहमच्या पट्ट्यात ठेवून मी दांडी हळूहळू खाली नेली. आकडे सलग वाढत गेले आणि पाव टाकीच्या जागी मीटरने एकदम उघडे (तुटलेले) सर्किट दाखवले. भिंगातून पाहिल्यावर रोधाची बारीक तार नेमकी तिथेच झिजून तुटलेली होती. याचे कारण स्पष्ट आहे. रोजच्या कमाईतून थोडे-थोडे डिझेल भरणाऱ्या गाडीची पातळी सतत पाव टाकीच्या आसपास खेळते, त्यामुळे पत्ती त्याच भागावर घासत राहते. म्हणून फक्त दोन टोकांची वाचने घेऊन युनिटला चांगले ठरवू नये. फ्लोटही कानाशी धरून हलवावा. आत डिझेल खळखळले तर तो बदलावा. फुटलेल्या पितळी फ्लोटला डाग देण्याचा प्रयत्न करू नये, आतली वाफ पेट घेऊ शकते.

झिजलेली तार दुरुस्त होत नाही. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात जाताना जुने युनिट आणि मल्टिमीटर दोन्ही बरोबर न्यावेत. नुसत्या आकारावरून घेतलेले युनिट टाकीत बसते, पण ओहम जुळले नाहीत तर काटा खोटेच दाखवतो. दुकानातच दोन्ही टोकांची वाचने घ्यावीत, दांडीची लांबी जुन्या युनिटशी ताडून पाहावी आणि इंधनाला टिकणारे नवे गॅस्केट घ्यावे. साधे सिलिकॉन डिझेलमध्ये सुटते.

युनिट बसवण्याआधी कपलर आणि अर्थ बाहेरच जोडून, टाकीपासून दूर, दांडी वरखाली करावी आणि सोबत्याला काटा पाहायला सांगावे. सगळे बसवल्यावर पंपावर पाच-पाच लिटर डिझेल भरत काटा कुठे थांबतो ते वहीत लिहावे आणि रिकाम्याच्या खुणेवर टाकीत प्रत्यक्ष किती लिटर उरते ते चालकाला सांगावे. शेवटी टाकी काठोकाठ भरून गाडी चढावर उभी करावी आणि गॅस्केटच्या कडेने कोरडे फडके फिरवावे. फडके ओले झाले तर रिंग पुन्हा आवळावी किंवा गॅस्केट बदलावे, आणि ते कोरडे राहिल्यावरच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.