चहा सोडला की डोकं का ठणकतं, आणि मग करायचं काय

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी मी ठरवलं, आजपासून चहा बंद. म्हणजे एकदम बंद. तेव्हा माझे दिवसाला आठ व्हायचे, घरचे दोन आणि बाकी सगळे लोअर परळला ऑफिसखालच्या टपरीवरचे कटिंग. सोमवार निघाला कसाबसा. मंगळवारी दुपारी डोक्याच्या मागून जे ठणकायला लागलं ते थेट डोळ्यापर्यंत, त्यात एक्सेलची शीट धड दिसेना, शेजारचा काहीतरी साधं विचारायला आला त्याच्यावर मी खेकसलो आणि साडेपाचला खाली जाऊन एकामागोमाग दोन कटिंग मारले. अर्ध्या-पाऊण तासात डोकं शांत. तेव्हा वाटलं आपल्यात दमच नाही, पण गडबड वेगळीच होती.

मेंदूत दिवसभर ॲडिनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं, ते आपल्या ठरलेल्या सीटवर जाऊन बसलं की सुस्ती येते, झोप येते. चहातलं कॅफिन येऊन त्याच सीटवर रुमाल टाकतं. ॲडिनोसिन उभंच राहतं, आपल्याला तरतरी. हे रोज व्हायला लागलं की शरीर गप्प बसत नाही, ते सीटच वाढवतं, नऊ डब्यांची गाडी बारा डब्यांची करतं. म्हणून मग दोन कपाचे चार होतात, चाराचे आठ. आणि एक दिवस तुम्ही चहा बंद करता, रुमाल टाकणारा कोणी नाही, गाडी मात्र अजून बारा डब्यांचीच, सगळ्या सीट भरतात, वर मेंदूच्या ज्या रक्तवाहिन्या कॅफिनने आवळलेल्या असायच्या त्या सैलावतात. हीच ती डोकेदुखी. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते, पहिले दोन दिवस जोरात, आणि कुणाकुणाला आठ-नऊ दिवस पुरते. जादा डबे काढायला शरीराला थोडे दिवस लागतात, एवढंच.

म्हणून एकदम बंद करू नका. आधी तीन-चार दिवस काही न बदलता नुसतं लिहून ठेवा, किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. मग संध्याकाळचे कप आधी काढा, सकाळचा सगळ्यात शेवटी. कारण कॅफिन अर्धं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, सहाला घेतलेला चहा अकराला अर्धा अंगातच असतो, झोपेचे बारा वाजतात, आणि सकाळी परत दोन कप जास्त लागतात. तीन-चार दिवसांनी एक कप कमी, या चालीने मला महिना लागला. मध्येच डोकं फारच चढलं तर अर्धा कटिंग घ्या, त्यात काही पाप नाही. गोळी घेणार असाल तर पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा, डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफिनच असतं, म्हणजे चहा सोडून गोळीतून चालू.

आता हे झालं रसायनाचं, ते तसं सरळ आहे. जास्त छळते ती जागा आणि वेळ. साडेपाचला लिफ्टमधून बाहेर पडलो की आलं ठेचल्याचा वास यायचा, टपरीवाला भाऊ न विचारता ग्लास पुढे करायचा, तो इतका गरम की वरच्या कडेला दोन बोटांनीच धरायचा, आणि माझ्या तोंडाला पाणी तर त्याच्याही आधी सुटलेलं असायचं. शरीर घड्याळ बघून आधीच तयारी करून बसतं. तिथे मनाशी भांडण्यात अर्थ नाही, मी दुसऱ्या गेटने बाहेर पडायला लागलो. पण ती दहा मिनिटांची चक्कर सोडली नाही हां, कारण खरी ओढ निम्मी त्या चकरेचीच होती. हातात चहाऐवजी ताक, कधी कोकम सरबत.

२१ दिवसांत सवय बदलते असं जे फिरत असतं ते सोडून द्या. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० च्या सुमारास आला होता, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

तंबाखू, मिश्री, सिगारेटचं गणितही असंच, फक्त कडक. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन-चार आठवडे चिडचिड. पाकिटावर छापलेला १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे, लावा. दारू मात्र रोजची आणि भरपूर असेल तर मनाने एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर.

मी सध्या दोनवर आहे, सकाळचा घरचा आणि अकराचा कटिंग. रविवारी डोंबिवलीला सासरवाडीला गेलो की तिसरा होतो, सासूबाई विचारत नाहीत, सरळ कप आणून ठेवतात.